एकाच कार्डावर

मराठी कादंबऱ्यांच्या दोन याद्या आहेत. पहिली विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात सापडते. ‘यमुनापर्यटन’पासून निघायचं, हरिभाऊ, केतकर, मर्ढेकर, पेंडसे असे मुक्काम करत ‘कोसला’पर्यंत यायचं आणि मग ग्रामीण, दलित, स्त्रीवादी, महानगरीय अशा फाट्यांना वळायचं. दुसरी यादी वाचनालयाच्या देवघेवीच्या वहीत असते. तिच्यात बाबुराव अर्नाळकर असतात, बाबा कदम असतात, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, नारायण धारप, सुहास शिरवळकर असतात. दोन्हीकडे सापडणारी नावं मोजकीच. ‘मृत्युंजय’, ‘बनगरवाडी’, अलीकडची ‘शाळा’, अशी. वाचणारी माणसं मात्र बरीचशी तीच. शनिवारी धारप नेऊन पुढच्या आठवड्यात पेंडसे नेणारा सभासद कुठल्याही गावच्या वाचनालयात भेटतो, आणि आपण काही वेस ओलांडली असं त्याच्या मनातही येत नाही.

हे पुस्तक अशा एका सभासदाचं आहे. गेल्या काही वर्षांत वाचलेल्या कादंबऱ्यांवरची ही टिपणं पुस्तक मिटल्यावर लगेच, त्याचा अंमल उतरायच्या आत लिहिली. आपल्याकडे कादंबरीवर लिहिण्याच्या दोन रीती रुळल्या आहेत. एक समीक्षेची; तिला कादंबरी कुठल्या परंपरेत बसते याची काळजी. दुसरी वर्तमानपत्री परीक्षणाची. तिच्यात तीन परिच्छेद कथानक आणि शेवटी मुखपृष्ठ आशयाला साजेसं असल्याचा निर्वाळा. वाचकाचं मत या दोन्हींत मावत नाही. पुस्तक कुठं खाली ठेववेना, कुठं पानं चाळून पुढं गेलो, कुठं लेखकानं फसवलं आणि कुठं आपण खुशीनं फसलो, याचा हिशेब सहसा कुणी लिहून ठेवत नाही. त्यामुळं दुसऱ्या यादीतल्या कितीतरी कादंबऱ्या पिढ्यांनी रात्र रात्र जागून वाचल्या, आणि त्यांच्याविषयी गंभीरपणे लिहिलेलं एक पान शोधायला गेलं तर मिळत नाही.

नव्या वाचकासाठी आधी थोडा मुलूख दाखवतो. १८५७ साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली. हिंदू विधवांचे हाल सांगत हिंडणारी ही कादंबरी सुधारणेच्या तळमळीतून लिहिलेली आहे आणि कादंबरी म्हणून ती जागोजागी अडखळते. चारच वर्षांनी लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ निघाली. तिच्यात सद्गुणी नायिका आहे, कारस्थानं आहेत, संकटं आणि सुटका आहेत, योगायोगांची रेलचेल आहे. १८७१ मध्ये रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ आली आणि शिवकाळ कादंबरीत शिरला. पंधरा वर्षांच्या आत समाज, अद्भुत आणि इतिहास अशी तिन्ही दारं उघडी झाली होती.

भालचंद्र नेमाड्यांनी या तीन पुस्तकांना मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्तींची मुळं मानलं. ‘टीकास्वयंवर’मधला त्यांचा तो निबंध वाचल्याशिवाय या विषयावर कुणी बोलू नये, इतका तो धारदार आहे. त्यांच्या चाळणीत वास्तवाला भिडणारी ‘यमुनापर्यटन’ची वाट मोठी ठरली, ‘मुक्तामाला’ची वाट रंजनाची पळवाट झाली आणि ‘मोचनगडा’ची गतवैभवात रमण्याची. चाळणीचा उपयोग मी नाकारत नाही. तिच्यामुळं कितीतरी भुसा उडाला. पण तिची भोकं एकाच मापाची होती, आणि पुढच्या पिढीनं तर चाळणी बाजूला ठेवून नुसता निकालच पाठ केला. रंजन करणारी म्हणजे हलकी, हे इतकं सवयीचं झालं की हलक्यातही चांगलं-वाईट असतं, हे तपासायचं राहून गेलं.

हरिभाऊ आपट्यांच्या काळात रंजन आणि गांभीर्य यांच्यातली ही भिंत नव्हती. १८९० साली त्यांनी साप्ताहिक काढलं ते ‘करमणूक’ या नावाचं, आणि मराठी बाईच्या दुःखाची सर्वांत अस्वस्थ करणारी कहाणी, ‘पण लक्षात कोण घेतो?’, त्याच साप्ताहिकातून क्रमशः छापली. ‘उषःकाल’ही तिथंच आली. यमूच्या आयुष्याची फरपट वाचणारा आणि मावळ्यांच्या मसलती वाचणारा वाचक एकच होता, लेखकही एकच होता. पुढं फडके आणि खांडेकरांच्या काळात कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद गाजला. आज मला तो वाद दोघांच्याही बऱ्याच कादंबऱ्यांपेक्षा जास्त वाचनीय वाटतो. त्याच सुमाराला मालतीबाई बेडेकर ‘विभावरी शिरूरकर’ या नावानं ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) लिहीत होत्या आणि दोन्ही तट सोडून भलतंच काही खरं सांगत होत्या. मर्ढेकरांचा ‘रात्रीचा दिवस’ १९४२चा. पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ १९५२चा, माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ची. कोकण आणि माणदेश कादंबरीत मुक्कामाला आले ते याच दशकात.

भिंत पक्की झाली साठीच्या दशकात, असं माझं मत आहे. त्या दशकाचं कपाट एकदा नीट लावून पाहावं. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६०, रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२, जयवंत दळवींची ‘चक्र’ आणि नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७. एवढ्या थोड्या काळात मराठी कादंबरीनं इतक्या दिशांना हात कधीच पसरले नव्हते. आणि नेमकं याच काळात वाचकांची आणि अभ्यासकांची फारकत झाली. ‘कोसला’नं आधीच्या गोडगोड गद्याची खोड मोडली, हे खरं आणि आवश्यकही. पण त्या झटक्यात ‘मृत्युंजय’ही, अभ्यासक्रमात राहूनही, चर्चेच्या अडगळीत गेली.

‘मृत्युंजय’ मी मोठेपणी पुन्हा वाचली, थोड्या अढीनंच. अलंकारांचा चिखल आजही आहे. उपमा आली नाही असं पान सापडणं कठीण. पण बांधणी पाहा. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी श्रीकृष्ण, असे एकामागून एक निवेदक येतात, आणि एकाला जे ठाऊक असतं ते दुसऱ्याला नसतं. कुंती सांगते तेव्हा वाचकाजवळ कर्णाच्या बाजूचं ज्ञान आधीच असतं आणि तिचं प्रत्येक वाक्य दुहेरी होतं. अनेक निवेदकांचा हा प्रयोग एखाद्या अनियतकालिकातल्या लेखकानं केला असता तर त्यावर परिसंवाद झाले असते. तो लोकप्रिय पौराणिक कादंबरीत झाला म्हणून त्याकडं प्रयोग म्हणून फार थोड्यांनी पाहिलं.

अण्णा भाऊ साठ्यांचंही तसंच. ‘फकिरा’ (१९५९) बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे आणि तिचं राजकारण उघड आहे. त्यामुळं ती निदान चर्चेत आली. त्यांच्या बाकीच्या कादंबऱ्यांतला वेग, प्रेम, सूड, पाठलाग हे सगळं मात्र अभ्यासकांना अवघडल्यासारखं करत राहिलं. ज्या माणसांसाठी अण्णा भाऊ लिहीत होते त्यांना तो वेग हवा होता. स्वस्त आवृत्त्यांतून त्या कादंबऱ्या जिथं पोचल्या तिथं दुसरी कुठलीच मराठी कादंबरी पोचली नव्हती. त्यांना रंजनात टाकायचं की विद्रोहात, हा प्रश्न चाळणीपुढचा आहे. वाचकापुढं तो येतच नाही.

लोकप्रिय कादंबरीचं बारकाईनं वाचन एकदा मात्र झालं, पण ते न्यायालयात. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ साली ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. खालच्या न्यायालयांनी दोषी ठरवलेल्या लेखकाला १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्दोष ठरवलं. त्यासाठी न्यायमूर्तींना ती कथा प्रसंगागणिक तपासावी लागली. नायक कसा आहे, त्याच्या आयुष्यात आलेल्या बायका कशा रंगवल्या आहेत, कुठलं वर्णन कथेला लागतं आणि कुठलं नाही. अशी विचारपूस एखाद्या मासिकानं केली असती तर बरं झालं असतं.

घरगुती कादंबरीच्या वाट्याला तर खटलाही आला नाही. ज्योत्स्ना देवधरांची ‘घर गंगेच्या काठी’, शैलजा राजे, योगिनी जोगळेकर यांच्या कादंबऱ्या दुपारी, जेवणं-भांडी उरकल्यावर वाचल्या गेल्या आणि ‘बायकांचं वाचन’ म्हणून निकालात निघाल्या. त्या सगळ्याच थोर आहेत असं मुळीच नाही. पुष्कळ कादंबऱ्यांत तिसऱ्या प्रकरणातच शेवटचा समेट दिसायला लागतो. पण लग्नानंतर बाईच्या ताब्यात घरातली नक्की कोणती जागा येते, हा प्रश्न या लेखिका पुन्हा पुन्हा घेऊन बसल्या होत्या. गौरी देशपांडे आल्या त्या याच वाचकवर्गापुढं. ‘तेरुओ’ हातात धरणाऱ्या कितीतरी वाचकांनी आधी या घरगुती कादंबऱ्या पचवल्या होत्या. ‘ब्र’ किंवा ‘नातिचरामि’पर्यंतचा रस्ता याच दुपारींमधून गेला, असं मला वाटतं. या पुस्तकात या कादंबऱ्यांना मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

रहस्य, भय आणि विज्ञान हे तिघं सावत्र भाऊ. अर्नाळकरांच्या नावावर हजाराच्या वर रहस्यकथा सांगितल्या जातात. झुंजार आणि काळा पहाड ही त्यांची माणसं एका पिढीच्या बोलण्यात होती. गोव्यातून आलेल्या गुरुनाथ नाइकांचा वेगही तसाच. एवढ्या वेगानं लिहिल्यावर वाक्याला इस्त्री राहत नाही, आणि अर्नाळकर आज सलग वाचताना दम लागतो, हे कबूल. शिरवळकरांचं वाक्य मात्र अजून ताजं आहे. संवाद झटपट, थट्टेखोर, तरुणांच्या तोंडचे. त्यांची ‘दुनियादारी’ (१९८२) रहस्यकथा नाही, तरी पुढं काय होणार ही ओढ लावण्याचं कसब रहस्यकथेच्या तालमीतलंच आहे.

धारपांविषयी मी पक्षपाती आहे, हे आधीच सांगून टाकतो. ‘लुचाई’मागं स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’ आहे हे त्यांचे वाचक जाणतात. मला महत्त्वाचं वाटतं ते भय रुजवायला त्यांनी निवडलेली जमीन. धारपांची माणसं नोकरदार, नेमस्त, हिशेबी. त्यांचं गद्यही तसंच, कचेरीतल्या टिपणासारखं कोरडं. त्या कोरड्या गद्यात जेव्हा न पटणारी गोष्ट घडते तेव्हा ती नाकारायला जागाच उरत नाही. हे शैलीचं काम आहे, आणि ते खानोलकरांच्या ‘कोंडुरा’तल्या गूढापेक्षा वेगळं असलं तरी कमी कष्टाचं नाही. २०१८च्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाला धारपांच्या कथेची प्रेरणा होती आणि नाव आलं पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. दोन याद्या अशा एका पडद्यावर एकत्र आल्या तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही.

विज्ञानकादंबरीचा इतिहास लहान आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावानं कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. नंतर ‘वामन परत न आला’, ‘प्रेषित’ अशा कादंबऱ्या आल्या. त्यांतली कल्पना नेहमी माणसांपेक्षा उंच असते. पात्रं एकमेकांशी बोलतात ती जरा व्याख्यान दिल्यासारखी. तरीही ‘वामन’मधला यंत्राला शहाणपण देण्याचा प्रश्न आज वाचताना शिळा वाटत नाही. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिणाऱ्या अरुण साधूंनी ‘विप्लवा’सारखी विज्ञानकादंबरीही लिहिली, याची मात्र त्यांच्या चाहत्यांनाही पुष्कळदा आठवण करून द्यावी लागते.

आता या सगळ्या वाचनातून माझ्या हाती लागलेलं एक मत, ज्याच्याभोवती हे पुस्तक उभं आहे. गंभीर कादंबरी हाही एक प्रकारच आहे. तिचेही ठोकताळे आहेत. ‘कोसला’नंतर पांडुरंग सांगवीकराचे किती धाकटे भाऊ जन्मले. खोलीवर पडून राहणारा, घरच्यांवर चिडलेला, सगळ्यांची टर उडवणारा तरुण आता रहस्यकथेतल्या हुशार गुप्तहेराइतकाच ओळखीचा आहे. ग्रामीण कादंबरीतही आटलेली विहीर, सोसायटीचं कर्ज, पुढाऱ्याची गाडी, शिकून बेकार राहिलेला मुलगा हे सामान आधी मांडलेलं असतं. राजन गवसांची ‘तणकट’, सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ या अस्सल कादंबऱ्यांनी जे कमावलं, त्यावर नंतरच्या कित्येकांनी नुसता संसार चालवला. ठरीवपणा रंजक कादंबरीचा रोग आहे असं मानलं की गंभीर कादंबरीतला ठरीवपणा दिसेनासा होतो. मग बोली वापरली म्हणून भाषेचं कौतुक होतं, आणि त्या बोलीत काही नवं सांगितलं का, हे विचारायचं राहतं.

म्हणून या टिपणांत प्रत्येक कादंबरीला पहिला प्रश्न एकच आहे. हिनं सुरुवातीच्या पानांत वाचकाला कोणता शब्द दिला, आणि तो पाळला का? रहस्यकथेनं धागा लपवायचा पण दाखवून लपवायचा, ऐतिहासिक कादंबरीनं माहीत असलेल्या शेवटाकडं जाताना उत्सुकता टिकवायची, गावाची कादंबरी लिहिणाऱ्यानं त्या गावातलं मला न दिसणारं काही दाखवायचं. शब्द पाळला की मग दुसरा प्रश्न. तो पाळून वर आणखी काही दिलं का?

या दुसऱ्या प्रश्नाला सर्वांत दणदणीत उत्तर मला नंदा खऱ्यांकडून मिळालं. पेशानं स्थापत्य अभियंता असलेल्या या लेखकानं ‘अंताजीची बखर’ (१९९७) लिहिली ती मराठ्यांच्या बंगालस्वाऱ्यांवर. बंगालात आजही अंगाईगीतात बर्ग्यांची, म्हणजे मराठा स्वारांची, धास्ती आहे. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत मात्र त्या स्वाऱ्यांचा उल्लेख आला तर अभिमानानं. खऱ्यांचा अंताजी लबाड आहे, जिवाला जपणारा आहे, तिरकस बोलणारा आहे, आणि त्याच्या डोळ्यांनी पाहिलं की घोडदौडीतली लूट लूटच दिसते. ‘मोचनगडा’च्या वाटेनं जाऊन त्या वाटेचीच अशी उलटतपासणी करता येते, हे चाळणीला मंजूर नव्हतं. पुढं ‘उद्या’मध्ये त्यांनी जवळचं भविष्य घेतलं. माणसांवरची पाळत, कंपन्यांची सत्ता, मुलींची घटलेली संख्या. कादंबरी भविष्यातली आणि वास्तव आजचं. २०२०च्या साहित्य अकादमी पुरस्कारासाठी तिची निवड झाली आणि खऱ्यांनी तो नाकारला. ‘उद्या’त पात्रं फार आहेत आणि मधे काही ठिकाणी लेखकाची टाचणं तशीच कादंबरीत आली आहेत. तरी भाजीबाजाराची यादी वाचतानाही छातीत धडधडावं अशी मराठी कादंबरी दुसरी दाखवा.

अलीकडच्या ज्या कादंबऱ्यांनी मला ठरीवपणाच्या तक्रारीतून बाहेर काढलं त्यांत कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ पहिली. धरणग्रस्तांवर विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (१९९१) आधीच होती. तिचा पसारा मोठा, तिच्यात कायदा, कचेऱ्या, दलाल, मोर्चे सगळं आहे. त्यामुळं या विषयावर आता काय उरलं, असं वाटत होतं. खोतांनी पसारा टाकला आणि गाव उठल्यावर मागं राहून रानटी झालेली म्हैस आणि तिला आणायला गेलेला माणूस एवढंच धरलं. पुढं पुढं ती एक शिकारकथाच होते, आणि विस्थापन म्हणजे काय हे त्या पाठलागात जितकं कळतं तितकं मोर्च्याच्या वर्णनात कळलं नव्हतं. मनोज बोरगावकरांच्या ‘नदीष्ट’मध्ये नांदेडची गोदावरी आहे आणि तिच्या काठानं जगणारी, एरवी कादंबरीत न येणारी माणसं. देविदास सौदागरांच्या ‘उसवण’मध्ये तयार कपड्यांनी पोट मारलेला शिंपी आहे, मशीनवर बसून काम केलेल्या माणसाशिवाय ते तपशील दुसऱ्याला सुचणार नाहीत. हृषीकेश गुप्त्यांच्या ‘दंशकाल’विषयी माझं मत अजून डळमळतं. घराण्याची कादंबरी आणि भयकथा यांचं कलम त्यांनी केलं आहे, पण भय वाढलं की घराणं मागं पडतं. डळमळीत मतंही या पुस्तकात तशीच ठेवली आहेत.

हे सगळं आताच लिहून ठेवावंसं वाटलं त्याला कारण आहे. सार्वजनिक ग्रंथालयांना १९६७च्या कायद्यानं अनुदानाचा थोडातरी आधार दिला. गल्लीबोळातल्या खाजगी सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांना तो नव्हता, आणि त्या एकेक करून बंद होत आहेत. दुसऱ्या यादीतली पुष्कळ पुस्तकं आता फक्त तिथंच, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत, शिक्क्यांनी भरलेल्या पहिल्या पानासह उरली होती. लायब्ररी मोडली की ती रद्दीच्या भावानं जातात, आणि पुनर्मुद्रणासाठी प्रकाशकाला प्रत सापडत नाही. दुसऱ्या बाजूला २०१७पासून स्टोरीटेलसारख्या सेवांमुळं मराठी कादंबरी कानांनी वाचली जाऊ लागली, आणि तिथं रहस्य आणि भय यांनाच सर्वाधिक गिऱ्हाईक असावं असा माझा अंदाज आहे. ‘दुनियादारी’चा चित्रपट २०१३ साली आला आणि तीस वर्षांपूर्वीची कादंबरी नव्या मुलांच्या हातात गेली. म्हणजे दुसरी यादी मेलेली नाही, फक्त तिची वही हरवत चालली आहे. मतं देणारेही वाढले आहेत, पण पाच चांदण्यांपैकी साडेतीन देऊन मोकळं होणाऱ्या मताला पुढं कुणी प्रश्न विचारू शकत नाही. मत असं हवं की समोरच्याला त्याच्याशी भांडता यावं.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडं. टिपणं कालक्रमानं लावलेली नाहीत आणि प्रकारवारही नाहीत. वाचली त्या क्रमानं आहेत, त्यामुळं ‘ताम्रपट’नंतर लगेच एखादी शिरवळकरी कादंबरी येईल. अर्ध्यात सोडलेल्या कादंबऱ्याही आहेत. त्या कोणत्या पानावर सोडल्या आणि का, ते लिहिलं आहे, म्हणजे पुढची पानं वाचलेल्याला माझं खोडून काढता येईल. अनुवादित कादंबऱ्या वगळल्या आहेत. एकट्या कन्नड कादंबरीकार भैरप्पांना मराठी घरांत जी जागा मिळाली आहे ती पाहता त्यासाठी वेगळंच पुस्तक लागेल. गोवा, मराठवाडा आणि विदर्भातल्या कादंबऱ्या इथं असायला हव्यात त्याहून कमी आहेत. माझ्या वाचनालयाची खरेदी पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडं झुकलेली, आणि मीही बरीच वर्षं कपाटात असेल ते वाचत गेलो.

रहस्यकथांवरच्या टिपणांत गुन्हेगार कोण हे कुठंही उघड केलेलं नाही. एका कादंबरीत तो मला दुसऱ्या प्रकरणातच कळला होता, तिथं तक्रार नोंदवली आहे, नाव नाही. ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या बाबतीत हा संयम पाळलेला नाही. भाऊसाहेबांचं पुढं काय झालं, हे ‘पानिपत’ हातात घेणाऱ्याला मी सांगायची गरज नाही.